नानांनी कापलेल्या आठ पडद्या

आज नागपंचमी. सांगलीत आमच्या गल्लीत विळ्या सकाळपासून भिंतीला टेकून उभ्या आहेत. समोरच्या घरातून उकडणाऱ्या दिंडांचा वास येतो आहे, त्यात हळदीच्या पानांचा वास मिसळला आहे. पोरींनी चिंचेच्या फांदीला दोर बांधलाय. ऊन पडतं, लगेच चार थेंब येतात, पुन्हा ऊन. सगळ्यांना बरं वाटावं असा दिवस. मला मात्र एका जागी बसवत नाही. वडिलांच्या छापखान्यात गेले, दोन ओळींचं प्रूफ तीनदा वाचलं, उठून हात धुतले. परत बसले. परत उठले. वडील छपाईचे खिळे जुळवत होते. मान वर न करता म्हणाले, "विमल, आज सगळी वडी संपवतीस काय साबणाची?"

गेल्या वर्षी या दिवशी मी कराडला होते. एका वर्षात श्रावण बदलत नाही, माणूस बदलतो असं म्हणतात. मी बदलले का ते मला ठाऊक नाही. एवढंच कळतंय की हा दिवस पंचांगात दिसला आणि मी घाईनं पान उलटलं.

कराडच्या कॉलेजात मागच्या बाजूला एक खोली होती. पूर्वी तिथं खेळाचं सामान ठेवत. काथ्याच्या चटईचा आणि जुन्या चामड्याचा वास भिंतींनी सोडला नव्हता. त्या वासावर आम्ही स्पिरिटचा, फिनेलचा आणि बकऱ्याच्या मांसाचा वास चढवला होता. पावसात पत्र्यावर इतका आवाज व्हायचा की एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. बर्फ स्टँडजवळच्या कारखान्यातून यायचा, भुशात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरवर, आणि येईपर्यंत त्याची निम्मी लादी मलकापूरच्या रस्त्यावर गळालेली असायची. या खोलीत गावडे सर काय करत होते हे कॉलेजातल्या फार थोड्या जणांना माहीत होतं. प्राचार्य पाहुण्यांना सांगत, "इकडे आमचं बकऱ्यांचं काहीतरी चालतं."

सर आटपाडीकडचे. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या शेळ्यामेंढ्या. मुंबईला राहून शिकले, तिथंच राहिले असते तर आज त्यांच्या दारावर पितळी पाटी असती. ते परत आले. पेशीतलं डीएनए आणि त्यावर येऊन बसणारी प्रथिनं हा त्यांचा ध्यास. मी त्यांच्या हाताखाली काम करू लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला फळ्यावर एक लांब रेघ काढून दाखवली होती.

"हे डीएनए. हा पाट समज. पाटाला ठिकठिकाणी दारं असतात. कुठलं दार कधी फोडायचं, कधी बांधायचं, हे ठरवणारी काही प्रथिनं आहेत. ती येतात, बरोबर आपापल्या जागी बसतात, आणि तिथला जनुक चालू होतो नाहीतर बंद होतो. एवढं आता जगाला कळत आलंय."

"मग आपण काय शोधायचं?"

"तुझ्या शेतात दारं धरायला कधी गेलीस का?"

"आम्हाला शेत नाही सर. छापखाना आहे."

"अरेच्चा. बरं. दारं धरणारा खोरं घेऊन उभा असतो. पण बांधावर आणखी एक जण असतो. तो म्हणतो, धर अजून, सरी भरली नाही. तो नसला तर पहिला कंटाळून निघून जातो. मला तो बांधावरचा शोधायचाय. शेळीच्या गर्भाशयातलं एक प्रथिन डीएनएवर बसतं, हे मला दिसलंय. त्याला घट्ट बसवणारं दुसरं प्रथिन असावं असा माझा वहीम आहे."

वहीम म्हणाले. ठाम सांगितलं नव्हतं. हा शब्द मी तेव्हा ऐकला आणि सोडून दिला.

ते शोधायची रीत इतकी साधी होती की मला ती पहिल्यांदा ऐकल्यावर हसू आलं. कागदासारखी पातळ, पांढरी, नायट्रोसेल्युलोजची पडदी. प्रथिन या पडदीला चिकटतं. डीएनए चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं. पण डीएनएला प्रथिनानं धरून ठेवलं असेल, तर त्या प्रथिनाबरोबर डीएनएही पडदीवर अडकतं. म्हणजे नळीत दोन्ही एकत्र करायचं, थोडा वेळ थांबायचं, पडदीवर ओतायचं, आणि खाली किती उतरलं ते मोजायचं. कमी उतरलं तर वर धरलं गेलं. मोजायला एक स्पेक्ट्रो होता. द्रवातून प्रकाश किती आरपार जातो ते सांगणारं, पेटीएवढं करडं यंत्र. ते आमचं नव्हतं. विद्यापीठानं सरांना दोन वर्षांसाठी वापरायला दिलं होतं. गेल्या भाद्रपदात ती दोन वर्षं संपत होती. विद्यापीठाची तिघांची समिती येणार होती. काही हाती लागलं असेल तर यंत्र राहणार, नाहीतर पेटीत भरून परत. आणि यंत्राशिवाय ती खोली पुन्हा खेळाच्या सामानाची.

पडद्या कापायचं काम नानांचं. नाना शिराळ्याजवळचे, फौजेत इस्पितळाकडे वीस वर्षं काढून आलेले, आमच्या प्रयोगशाळेचे मदतनीस. पडदीचा मोठा ताव सरांनी मुंबईहून आणला होता. त्यातून बाटलीच्या झाकणाएवढे गोल कापून द्यायचे. नाना ते टेबलाच्या एका टोकाला पाठ करून बसून कापायचे. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. माझं काम कोकराच्या गळ्याखालच्या पांढऱ्या गाठी बारीक चिरायचं. त्या गाठींत डीएनए भरपूर असतं. चिरून, ढवळून, गाळून शेवटी त्यात गार स्पिरिट ओतलं की काचेच्या काडीभोवती पांढरे दोरे गुंडाळले जातात. पहिल्यांदा ते दोरे पाहिले तेव्हा मी काडी उजेडात धरून फिरवत राहिले होते. नाना म्हणाले होते, "शेवया वाटत्यात बघा, ताई."

नाना मला ताई म्हणत. त्यांच्या धाकट्या मुलीपेक्षा मी लहान होते.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. अक्षरं मी पाटीवर शिकले नाही, उलट्या खिळ्यांवर शिकले. गिरणीचा संप, पाण्याचा मोर्चा, बुवाबाजीचा निषेध, सगळं आमच्या ट्रेडलमधून, पायानं चालवायच्या छपाईयंत्रातून, बाहेर पडलं. आणीबाणीत पोलीस आले, वडिलांना घेऊन गेले आणि जाताना खिळ्यांचे दोन केस, खणाखणांचे लाकडी ट्रे, जमिनीवर पालथे करून गेले. मी आणि आईनं तीन आठवडे बसून अक्षरं वेगळी केली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. ज्या कागदासाठी माणूस तुरुंगात जातो तो कागद खोटा असू शकत नाही. त्यातून मी आणखी एक गोष्ट काढली, ती चूक होती. मला वाटू लागलं की आपण छापतो तेच खरं असतं.

श्रावणात कराडातली निम्मी माणसं मांस सोडतात. खाटीक गल्लीत सामसूम. बाबूभाई, ज्यांच्याकडून आम्ही गाठी आणि गर्भाशयं आणत असू, ते दुकानाच्या फळीवर बसून माश्या हाकलत. "बाई, तुमच्या सरांना सांगा, देव बकरीला महिनाभर सुट्टी देतो. तुम्ही पण घ्या." पंचमीच्या आदल्या दिवशी त्यांनी एक शेळी आणि एक कोकरू एवढंच कापलं. शेळीचं गर्भाशय आणि कोकराच्या गाठी घेऊन मी धावत आले. आता महिनाभर पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. समिती महिन्याच्या आत येणार होती.

त्या संध्याकाळी नानांनी विचारलं, "ताई, उद्या पडद्या किती लागतील?"

"आठ."

"आठच? उद्या पंचमी हाय. उद्या म्या कात्री धरत न्हाई. जास्त लागत असतील तर आत्ताच सांगा."

"आठच नाना. उद्या साधेच प्रयोग. दुसरं प्रथिन तयार व्हायला अजून दोन दिवस जातील."

त्यांनी आठ कापल्या, दोन कागदांच्या मध्ये ठेवल्या, काचेच्या डबीत घातल्या आणि डबी बंद केली. जाताना कात्री पुसून खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी सर पहाटेच येऊन बसले होते. दुसरं प्रथिन अपेक्षेआधी निघालं होतं, थोडंसंच, नळीच्या तळाशी. ते बर्फावरसुद्धा फार टिकत नाही. वीज सकाळपासून दोनदा गेली होती. सर म्हणाले, "आजच करू. उद्या यातलं काय जिवंत राहील सांगता येत नाही." मी तोवर आठ नळ्या उरकल्या होत्या, दुसऱ्या प्रथिनाशिवायच्या, नानांनी कापलेल्या आठ पडद्यांवर. आता आणखी आठ हव्या होत्या.

"नाना, आठ पडद्या."

नाना खिडकीशी उभे होते. बाहेर ऊन होतं आणि उन्हातच पाऊस. "न्हाई ताई. आज कापायचं न्हाई."

"अहो कागद आहे तो. नाग नाही."

"आमाला ठाव हाय त्यो कागद हाय ते. पर आजच्या दिशी आमच्यात कोण चिरत न्हाई, कापत न्हाई, नांगर धरत न्हाई. फौजेत असतानाबी धरलं न्हाई म्या. सायबानं समजून घ्यायचं, आदल्या दिशी डबल काम करून द्यायचो." मग सरांकडे वळून, "सर, काल इचारलं व्हतं म्या."

"विचारलं होतं," सर म्हणाले. "विमल, बघ काय करायचं ते. मला नळी सोडता येत नाही."

मला काय झालं ते मी आज प्रामाणिकपणे सांगते. मला आनंद झाला. कित्येक भाषणांत ऐकलेला क्षण माझ्यासमोर आपण होऊन आला होता. एका बाजूला विज्ञान, एका बाजूला रूढी, मध्ये एक कात्री. मी गाठी चिरत होते ते सोडून उठले, फडक्याला हात पुसले, खुंटीवरची कात्री काढली आणि नानांच्या देखत पडदी कापली. एकेक गोल कापून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. आठवा ठेवताना म्हणाले, "बघा नाना, आला का नाग?"

नाना माझ्या हातांकडे पाहत होते. मला वाटलं, भ्याले.

त्या दुपारचा आकडा मला अजून पाठ आहे, पण इथं लिहून काही उपयोग नाही. थोडक्यात असं, की दुसरं प्रथिन घातलेल्या आठही नळ्यांत खाली उतरणारं डीएनए निम्म्यावर आलं. निम्म्यावर! म्हणजे बाकीचं वर धरलं गेलं. बांधावरचा माणूस सापडला होता. सरांनी स्पेक्ट्रोचा काटा तीनदा पाहिला, चष्मा काढला, धोतरानं पुसावा तसा शर्टानं पुसला आणि परत पाहिला. दुसरं प्रथिन एकटंच असताना डीएनए धरतं का, हे तपासायच्या चार नळ्या त्यांनी वहीत लिहून ठेवल्या होत्या. प्रथिन संपलं, त्या राहिल्या. सर म्हणाले, "हे पुढच्या खेपेला करायलाच हवं." मी हो म्हणाले. माझं मन तोवर सांगलीला, ट्रेडलपाशी पोचलं होतं.

संध्याकाळी संगमावर गेले. दोन्ही नद्या गढूळ आणि फुगलेल्या, समोरासमोर येऊन भिडणाऱ्या. घाटावर बायका फुगड्या खेळत होत्या. मी पायऱ्यांवर बसून पत्रक लिहिलं. एका बैठकीत. मथळा होता, 'पंचमीला कात्री चालली, आणि निसर्गाने उत्तर दिले'. त्यात खेड्यातल्या प्रयोगशाळेचा अभिमान होता, पुण्या-मुंबईला आव्हान होतं, रूढीवर कोरडे ओढले होते. नानांचं नाव घातलं नव्हतं. एवढी सभ्यता मी पाळली याचं मला समाधान होतं. सरांना दाखवलं नाही. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

हजार प्रती निघाल्या. कराडच्या स्टँडवर, कॉलेजच्या फाटकात, शिराळ्याच्या एस.टी.तसुद्धा मी स्वतः वाटल्या. सरांनी पत्रक वाचलं आणि घडी घालून वहीत ठेवलं. फक्त म्हणाले, "घाई केलीस." मी ते म्हाताऱ्या माणसाचं भित्रेपण समजले. सर तेव्हा चाळिशीचेसुद्धा नव्हते.

बाबूभाईंनी पुन्हा शेळी कापली तेव्हा दहा-बारा दिवस झाले होते. नानांनी पडद्या कापल्या, आम्ही नळ्या भरल्या. काही नाही. दुसरं प्रथिन घाला, नका घालू, काटा तिथंच. सर म्हणाले, प्रथिन मेलं असेल. पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा केलं. सरांनी मिठाचं प्रमाण बदललं, पाणी दोनदा ऊर्ध्वपातित केलं, बर्फ बदलला. मी बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाशी भांडून आले. रस्त्यानं चालताना मी नळ्या मोजत होते, जेवताना मोजत होते, खोलीवरच्या मैत्रिणी बोलत असताना मी भिंतीवरच्या पालीकडे बघत मोजत होते. पालखीच्या भोयासारखं मन, खांदा बदलतंय पण ओझं उतरत नाही. समितीला आठ दिवस उरले होते. सरांनी त्यांना कळवून टाकलं होतं की महत्त्वाचं काही हाती आलंय.

आणि तशात एका दुपारी मी नानांना पडदी कापताना नीट पाहिलं. वर्षभर एकाच टेबलाला बसत होतो, पण ते पाठ करून बसत आणि मी कधी डोकावले नव्हते. आधी त्यांनी कोपरापर्यंत हात साबणानं धुतले. मग स्पिरिट. मग पडदीच्या वर एक कागद, खाली एक कागद, आणि त्या तिन्हींवरून कात्री. पडदीला बोट लागलं नाही. कापलेला गोल चिमट्यानं उचलला, तोही कडेला धरून.

"नाना, हे असं कोणी शिकवलं?"

"कोन शिकवतंय? जखमेची पट्टी अशीच कापायचो की आमी. जी बाजू जखमेला लागायची तिला हात लागू द्यायचा न्हाई. एवढीशी घाण बी पुरती." मग थांबून म्हणाले, "तवा सांगणार व्हतो तुमास्नी. पर तुमी लय तावात व्हता."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला तो ऐकू येईनासा झाला. मी माझे हात पाहिले. एरवी गाठी माझ्याकडे आणि पडद्या नानांकडे असत; पंचमीला नाना पडद्या कापणार नव्हते, म्हणून दोन्ही कामं हातांच्या एकाच जोडीकडे आली होती. कोकराच्या गाठीच्या चिकट रसात डीएनएला घट्ट धरणारी प्रथिनं ठासून भरलेली असतात. तो रस फडक्याला पुसून मी आठ पडद्या बोटांनी धरून कापल्या. नानांच्या आठ स्वच्छ पडद्या साध्या नळ्यांना गेल्या. माझ्या आठ बरबटलेल्या पडद्या दुसऱ्या प्रथिनाच्या नळ्यांना. बांधावर कोणी माणूस नव्हता. माझ्या बोटांचे ठसे होते.

तरी मी लगेच सांगितलं नाही. हे लिहिताना मला अवघड जातं आहे. आधी मी एकटीनं तपासलं. नानांनी कापलेल्या बारा पडद्या घेतल्या. सहांना गाठीचा हात लावला, सहा तशाच ठेवल्या. दोन्हींवर नुसतं डीएनए ओतलं, दुसरं काहीही नाही. स्वच्छ सहांतून ते सगळं खाली उतरलं. बरबटलेल्या सहांनी धरून ठेवलं. नंतर मी दोन दिवस गप्प राहिले. कारणं मोठी होती, मी ती मोठ्या शब्दांत स्वतःला सांगत होते. सांगितलं तर यंत्र जाणार. खोली जाणार. सरांची दहा वर्षं जाणार. आणि हजार घरांत पोचलेलं पत्रक खोटं ठरणार, लोक म्हणणार, बघा, पंचमीला कात्री धरली, नाग कोपला. अंधश्रद्धेच्या हातात मी आपण होऊन काठी देणार. चळवळीसाठी गप्प बसावं, असा एक विचार येऊन गेला. तो विचार आणीबाणीत खिळे पालथे करणाऱ्यांनीही केला असेल, हे लक्षात आल्यावर मी उठले.

सर नळ्या धूत होते. मी सगळं सांगितलं. ते नळ्या धूतच राहिले. मग विचारलं, "किती पडद्यांवर पाहिलंस?"

"बारा."

"उद्या चोवीसांवर पाहू. माझ्यासमोर." आणि मग आवाज चढला, वर्षात पहिल्यांदा. "पत्रक काढायच्या आधी दुसऱ्यांदा नळ्या का भरल्या नाहीत? तुझा बाप एक प्रूफ वाचून छापतो का? तीन वाचतो ना?" त्यांनी नळ्यांची ओळ पालथी घातली. "आणि मी तरी काय वेगळा आहे. चार नळ्या राहिल्या होत्या माझ्या. वहीत लिहून ठेवलेल्या. मलाही ते खरं व्हायलाच हवं होतं."

चोवीसांवर तेच दिसलं.

समिती आली. तिघांपुढे सरांनी दोन आलेख ठेवले, एक पंचमीचा, एक नंतरचा. सगळं सांगितलं. माझं नाव सांगितलं नाही, 'आमच्या हातून' म्हणाले. तेव्हा मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "हात माझे होते." एका सदस्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग गावडे, दोन वर्षांचा निष्कर्ष काय म्हणायचा?"

"पहिलं प्रथिन डीएनएवर बसतं, हे पक्कं. त्याला घट्ट करणारं दुसरं आहे की नाही, हे माहीत नाही. पडदी कशी कापायची, हे माहीत झालं."

ते हसले. वाईट हसू नव्हतं. चहा प्यायले, चांगलं चाललंय म्हणाले, आणि यंत्र परत मागवलं.

वडिलांना मी सांगलीला येऊन सांगितलं तेव्हा ते जेवत होते. "दुसरं पत्रक काढ," म्हणाले.

"शंभर काढू?"

"हजार. पहिल्याच्या निम्मं जरी काढलंस तरी ती लपवालपवी. टाइपही तोच, तेवढाच मोठा. छपाई मी करतो, पण वाटायची तू."

'आमचा प्रयोग चुकला होता' हा मथळा मी स्वतः जुळवला. सगळं लिहिलं. गाठी, रस, बोटं, आठ आणि आठ. कराडच्या स्टँडवर उभी राहिले. कोवळं ऊन, चिखल, कंडक्टरांच्या आरोळ्या. कॉलेजची पोरं ओळखीची होती. "काय विमलताई, नागोबा सपनात आला व्हय?" एका फेटेवाल्या आजोबांनी पत्रक नातवाकडून वाचून घेतलं आणि मला बोलावलं.

"म्हंजे नाग कोपला म्हना की."

"नाही आजोबा. माझे हात बरबटलेले होते."

"मंग धुवायचं व्हतं की गं, पोरी."

मी म्हणाले, "हो, धुवायचे होते." त्यांना ते पटलं. नाग कोपल्यापेक्षा जास्त पटलं असं मला वाटलं, पण ती कदाचित माझी हाव असेल. नऊशेच्या वर प्रती गेल्या. काहींत लगेच शेंगदाणे बांधले गेले. तेवढ्यानं मला हलकं वाटलं. चूक केली, कबूल केली, तेवढ्याच प्रतींत कबूल केली. हिशेब पुरा झाला अशा ताठ मानेनं मी प्रयोगशाळेच्या खोलीत परत गेले.

नाना स्पेक्ट्रोच्या खोक्याला खिळे मारत होते. आत भुसा, पेंढा, पोत्याचं कापड. मी त्यांना नवं पत्रक दिलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली, हात पुसले आणि उभं राहून सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग शर्टाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. माझं पहिलं पत्रक. शिराळ्याच्या एस.टी.त त्यांच्या जावयाच्या हातात पडलेलं. घडीवर फाटायला आलेलं.

"ताई, पडदीचं समदं दुरुस्त केलंसा. चांगलं केलंसा," ते म्हणाले. "पर ह्यात एक शब्द हाय, त्यो ह्या नव्यात दुरुस्त झाला न्हाई. त्यो कवा करताय?"

त्यांनी बोट ठेवलं. मी वाचलं. मीच लिहिलेली ओळ, संगमाच्या पायरीवर, एका बैठकीत. 'प्रयोगशाळेतील एका अडाणी नोकराने कात्री धरण्यास नकार दिला.'

मी ती ओळ दुसऱ्यांदा वाचली. नानांनी कागद परत घडी करून खिशात ठेवला आणि उरलेले दोन खिळे मारले.

वर्ष झालं. सकाळपासून मी प्रूफ वाचते आहे, उठते आहे, बसते आहे. नाना, आत्ता वडिलांच्या हातात जो मजकूर जुळतो आहे तो हाच आहे. याच्या हजार प्रती निघतील. पहिली घेऊन मी उद्या शिराळ्याला तुमच्या घरी येते. त्या खोलीत पडदीला बोट न लावता ती कापायची कशी हे फक्त एका माणसाला येत होतं, आणि मी त्याला अडाणी म्हणाले. तो शब्द चुकीचा होता.